विकता न येणारी टेकडी

बँकेच्या कर्ज विभागात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाची जमिनीकडे पाहण्याची नजरच वेगळी होऊन जाते. समोर आंब्याची राई असो, नदीकाठचा मळा असो की गावाबाहेरचा मुरमाड माळ, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच. उद्या वेळ आली तर हे विकून किती येतील? टायटल क्लिअर आहे ना, सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात कुणी शिरलेले नाही ना, शेतातून कुणाच्या वहिवाटीची वाट जात नाही ना, हे सगळे प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटातले. जी जमीन विकता येत नाही, ती तारण म्हणून शून्य. माझी नोकरीतली बत्तीस वर्षे याच हिशेबात गेली, आणि ठेवीदारांचा पैसा सांभाळायचा तर तो हिशेब रास्तच असतो.

म्हणूनच ऑक्टेव्हिया हिल या इंग्रज बाईचे चरित्र हाती आले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. या बाईने आयुष्याचा उत्तरार्ध नेमका उलटा हिशेब मांडण्यात घालवला. जमीन अशी बांधून ठेवायची की ती कुणालाच, कधीच विकता येऊ नये! तिच्यापाशी ना पदवी होती, ना पिढीजात पैसा, ना मताचा अधिकार. तरीही आज इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ज्या संस्थेच्या ताब्यात आहे, त्या नॅशनल ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी ती एक.

ऑक्टेव्हियाचा जन्म ३ डिसेंबर १८३८ चा, विस्बेक नावाच्या छोट्या बाजारपेठेच्या गावातला. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी, आणि त्याआधी बँकेच्या धंद्यातही पडलेले. तिसऱ्या लग्नापर्यंतच्या त्यांच्या लेकींमध्ये ही आठवी, म्हणून लॅटिनमधल्या 'आठ' या शब्दावरून नाव ठेवले ऑक्टेव्हिया. मुलगी जेमतेम दीड-दोन वर्षांची असताना, १८४० साली, वडिलांचे दिवाळे वाजले. त्या धक्क्याने त्यांचे मनही कोसळले आणि ते पुन्हा धडपणे उभे राहिले नाहीत. घर फुटले. आईने, कॅरोलिनने, पाच मुलींना घेऊन माहेरचा आसरा घेतला. आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ हे सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीतले मोठे नाव. गरिबांच्या वस्त्यांतून ताप कसा पसरतो, याचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. लंडनच्या उत्तरेला फिंचली हे तेव्हा खेडेच होते. तिथल्या कुरणांत या मुली मोकळ्या वाढल्या.

हे मोकळेपण चौदाव्या वर्षीच संपले. आई लंडनमध्ये एका सहकारी कारखान्याची व्यवस्थापक झाली आणि ऑक्टेव्हियाच्या हाती खेळणी बनवणाऱ्या गरीब मुलींची कार्यशाळा आली. स्वतः पोर असलेली ही मुलगी कच्चा माल, हिशेब, मजुरी, मुलींचे जेवण, सगळे पाहू लागली. त्या मुली अंधाऱ्या गल्ल्यांत जन्मलेल्या आणि तिथेच वाढणाऱ्या. सवड मिळाली की ऑक्टेव्हिया त्यांना पायी शहराबाहेरच्या कुरणांकडे घेऊन जायची. तिच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ मला या पायपिटीत दिसते. माणसाला घर लागते, तसेच घराबाहेर उभे राहायला थोडे आकाशही लागते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कलासमीक्षक जॉन रस्किन याच्यासाठी ती चित्रांच्या नकला करून देत असे. वडिलांच्या पश्चात रस्किनकडे बराच पैसा आला होता. १८६५ साली त्याने तिच्या सांगण्यावरून लंडनच्या मॅरिलबोन भागातली तीन पडकी घरे घेतली. गल्लीचे नाव पॅराडाइज प्लेस, म्हणजे स्वर्गवाडी; आत पाहावे तर नरक. रस्किनची अट एकच होती. या पैशावर पाच टक्के परतावा मिळालाच पाहिजे. त्याला व्याजाचा लोभ होता असे नव्हे. काम धर्मादाय ठरले तर दुसरा कुणी पैसेवाला पुढे येणार नाही, हे त्याला ठाऊक होते. ऑक्टेव्हिया दर आठवड्याला स्वतः भाडे गोळा करी, थकबाकी सहन करत नसे, आणि वाचलेल्या पैशातून भाडेकरूंना विचारून दुरुस्त्या करी. पाच टक्के निघाले. पुढच्याच वर्षी घेतलेल्या घरांलगत एक रिकामा तुकडा होता. तिथे तिने खोल्या चढवल्या नाहीत, मुलांसाठी खेळायचे मैदान केले. कर्जवसुली केलेला माणूस म्हणून सांगतो, वसुलीची इतकी कडक शिस्त आणि मैदानासाठी जागा सोडण्याचे इतके मोठे मन एका माणसात सहसा सापडत नाही.

पुढे १८७५ साली तिच्या आयुष्यातला मोठा पराभव आला. लंडनच्या वायव्येला स्विस कॉटेज फील्ड्स नावाची कुरणे होती. मॅरिलबोनच्या गल्ल्यांतल्या माणसाला पायी गाठता येईल असे हिरवे रान एवढेच उरले होते. तिथे घरे बांधायचे घाटत होते. ऑक्टेव्हियाने दहा हजार पौंड उभे करायचा चंग बांधला. सभा घेतल्या, पत्रे लिहिली. काही आठवड्यांतच बरीचशी रक्कम जमली, आणि तेवढ्यात मालकांनी माघार घेतली. विकण्याची तोंडी तयारी होती, कागद झालेला नव्हता. कुरणे गेली आणि त्यांवर श्रीमंतांचा रुंद रस्ता व टोलेजंग घरे उभी राहिली. शहराभोवती मोकळ्या रानाचा हिरवा पट्टा राखला पाहिजे, ही कल्पना तिने याच काळात बोलून दाखवली. 'ग्रीन बेल्ट' या शब्दप्रयोगाचे श्रेय अनेक अभ्यासक तिलाच देतात.

या पराभवाने तिला एक धडा शिकवला. सदिच्छा आणि वर्गणी एवढ्यावर जमीन वाचत नाही, कायदा हाताशी लागतो. ती कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटीच्या कामात उतरली. १८६५ साली निघालेली ही संस्था काय करत होती ते समजण्यासाठी इंग्लंडमधली 'कॉमन' ही चीज आधी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडचे गायरान डोळ्यांसमोर आणा, पण एका फरकाने. कॉमनची मालकी गावच्या जहागीरदाराची असे. मात्र तिथे गुरे चारायचा, सरपण तोडायचा, माती-खडी न्यायचा हक्क ठरावीक गावकऱ्यांचा. जमीन एकाची आणि हक्क दुसऱ्याचा! दुसऱ्याच्या रानातून जाण्याच्या किंवा पाणी नेण्याच्या ज्या हक्काला आपले कायदेपंडित सुविधाधिकार म्हणतात, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. शहरे वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला, तसे जहागीरदार या रानांना कुंपणे घालू लागले.

बर्कमस्टेड या छोट्या गावाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिथल्या लॉर्ड ब्राउनलोने गावच्या कॉमनला भक्कम लोखंडी कुंपण घातले. गावातले ऑगस्टस स्मिथ हे गृहस्थ हक्कदारांपैकी एक. ६ मार्च १८६६ च्या रात्री लंडनहून खास आगगाडी करून सव्वाशेच्या आसपास मजूर आणले गेले. मध्यरात्रीनंतर काम सुरू झाले आणि उजाडेपर्यंत कुंपण उखडून गज नीट रचून ठेवलेले! सकाळी गावकरी आले, आपल्या रानात हिंडले, कुणी आठवण म्हणून गवताची काडी खिशात घातली. लॉर्डसाहेब कोर्टात गेले. १८७० साली निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला. गुरे चारायचा जुना, क्षुल्लक वाटणारा हक्क शेकडो एकर रान राखायला पुरेसा ठरला. बँकेत ज्या 'इतर हक्कां'ना आम्ही कटकट समजतो, त्याच कटकटीने ते रान वाचवले.

या लढायांमागचे कायद्याचे डोके होते रॉबर्ट हंटर या सॉलिसिटरचे. पुढे तो पोस्ट खात्याचा मुख्य सॉलिसिटर झाला. दिवसभर सरकारी फायली आणि संध्याकाळी कुरणांचे खटले. हंटर आणि ऑक्टेव्हिया यांची जोडी जमली ती कायमची.

आणखी एक हत्यार इंग्लिश कायद्यात आधीच तयार होते. १८०८ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग विकताना टल्क नावाच्या मालकाने खरेदीखतात अट घातली होती की ही जागा बाग म्हणूनच राखावी, बांधकाम करू नये. जमीन हातोहात फिरत मॉक्सहे नावाच्या खरेदीदाराकडे आली. त्याने बांधकामाचा घाट घातला. त्याचे म्हणणे असे की अट पहिल्या खरेदीदाराने मान्य केली होती, मी नाही. १८४८ साली न्यायालयाने सांगितले, अट ठाऊक असताना जमीन घेतलीत, तेव्हा ती तुम्हालाही लागू. म्हणजे माणसाचे वचन त्याच्याबरोबर संपते, पण जमिनीला चिकटवलेली अट जमिनीबरोबर चालत राहते. मात्र अशी अट राबवायला कुणीतरी हक्कदार शेजारी जागा असावा लागतो. तो मेला, गाव सोडून गेला, तर?

हाच प्रश्न १८८४ साली दारात येऊन उभा राहिला. लंडनजवळच्या डेटफर्डमध्ये सेज कोर्ट नावाची बाग होती. सतराव्या शतकात जॉन एव्हलिन या लेखकाने ती फुलवली होती. त्याच्या वंशजाला ती जनतेसाठी द्यायची होती. तो ऑक्टेव्हियाकडे आला. देणारा तयार, लोक तयार, आणि घेणारा मात्र कुणीच नाही! कॉमन्स सोसायटीला जमीन धारण करायचा अधिकार नव्हता. व्यक्तीच्या नावे करावी तर ती व्यक्ती मरणार, वारस विकणार. तेव्हा हंटर आणि ऑक्टेव्हिया यांनी ठरवले, एक अशी संस्था हवी जी मरत नाही, जिला नफा नको, आणि जिचे कामच मुळी लोकांच्या वतीने जमीन धरून ठेवणे हे असेल. नावही या दोघांच्या पत्रव्यवहारातूनच निघाले. तिला सुचले कॉमन्स अँड गार्डन्स ट्रस्ट. हंटरने सुचवले नॅशनल ट्रस्ट.

कल्पना प्रत्यक्षात यायला दहा वर्षे लागली. दरम्यान ती स्वस्थ बसली नाही. साउथवर्कमध्ये पडक्या कारखान्याच्या जागेवर तिने १८८७ साली बाग उभी केली. हॅम्पस्टेडच्या रानाला लागून असलेली पार्लमेंट हिलची कुरणे वाचवण्यासाठी ती झटली. सुमारे तीन लाख पौंड मोजून १८८९ साली ती जनतेसाठी घेतली गेली. मग सरोवरांच्या प्रदेशातला पाद्री हार्डविक रॉन्स्ली या दोघांना येऊन मिळाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला चार्ल्स एलियटच्या पुढाकाराने १८९१ मध्ये अशीच संस्था निघाली होती, तिचा दाखलाही समोर होता. १२ जानेवारी १८९५ रोजी नॅशनल ट्रस्टची रीतसर नोंदणी झाली.

पहिली देणगी आली वेल्समधल्या बारमथ या समुद्रकाठच्या छोट्या गावातून. फॅनी टॅल्बट या रस्किनच्या स्नेही. गावाच्या डोक्यावरची डिनास ओलेई ही साडेचार एकरांची टेकडी त्यांच्या मालकीची. गाव पर्यटकांनी गजबजत चाललेले. टेकडी गावच्या कारभाऱ्यांना दिली तर डांबरी वाटा आणि बिडाची नक्षीदार बाके येणार, ही बाईंना धास्ती. गवतातली पायवाट आणि एखादा दगडी कट्टा चालेल, बाकी रान रानच राहू दे, एवढीच त्यांची इच्छा. साडेचार एकर म्हणजे आपल्याकडच्या मध्यम शेतकऱ्याचे एक वावर. पण तेवढ्या वावराने एक नवी रीत पाडली.

पुढच्या वर्षी ट्रस्टने अवघ्या दहा पौंडांना चौदाव्या शतकातले एक पाद्र्याचे घर विकत घेतले. १९०२ मध्ये डरवेंटवॉटर सरोवराकाठचे ब्रँडलहाउ हे शंभराहून अधिक एकरांचे रान सार्वजनिक वर्गणीतून घेतले. त्यात श्रीमंतांच्या मोठ्या रकमांबरोबर कारखान्यातल्या मजुरांचे शिलिंगही होते. मग १९०७ साली पार्लमेंटने नॅशनल ट्रस्टचा खास कायदा केला. त्यात एक असाधारण तरतूद होती. ट्रस्टने एखादी जमीन अविक्रेय म्हणून जाहीर केली की ती विकायचा अधिकार खुद्द ट्रस्टलाही उरत नाही. उद्याचे विश्वस्त कर्जबाजारी झाले, मोहात पडले, तरी जमीन जागच्या जागी. ज्या मुलीच्या बापाचे सारे काही दिवाळ्यात गेले होते, तिने असे धन निर्माण केले की ज्यावर कुठलाही धनको हात टाकू शकत नाही. हा संबंध तिने स्वतः जोडला असेल की नाही कोण जाणे; मला मात्र तो जोडल्यावाचून राहवत नाही.

ही बाई देवी नव्हती. स्त्रियांना मताधिकार द्यायला तिचा विरोध होता. सरकारने गरिबांसाठी घरे बांधावीत, म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावे, हेही तिला पटत नसे. स्वभाव हट्टी, हुकमी. रस्किनशी १८७७ च्या सुमारास तिचे कडवट भांडण झाले. त्याने ते छापून चव्हाट्यावर आणले. त्या मनस्तापाने ती आजारी पडली आणि बराच काळ तिला परदेशी जाऊन राहावे लागले. पण जमिनीच्या बाबतीत एक तत्त्व तिने सोडले नाही. मालकाची जमीन फुकट हिसकायची नाही. हक्क असेल तर कोर्टात सिद्ध करायचा, नसेल तर वर्गणी काढून मोल द्यायचे, किंवा मालकाने आपणहून द्यावी अशी त्याची मनधरणी करायची. ज्यांना मोकळी हवा हवी, त्यांनी तिची किंमत मोजावी.

तिच्या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. देशातली सगळी कुरणे विकत कशी घेणार? तिच्या मागून आलेल्यांनी ही उणीव दोन बाजूंनी भरून काढली. १९३७ च्या कायद्याने ट्रस्टला नवा अधिकार मिळाला. मालकाने जमीन आपल्याकडेच ठेवावी, कसावी, वारसांना द्यावी, मात्र बांधकाम न करण्याची अट ट्रस्टच्या हाती लिहून द्यावी. लेस्टर स्क्वेअरची ती जुनी युक्तीच, पण आता अट राबवणारा शेजारी कधीच मरणार नव्हता. अमेरिकेतल्या छोट्या गावांतून आज शेते आणि राने राखली जातात तीही बऱ्याच अंशी अशाच कराराने. तिथे त्याला संवर्धनाचा सुविधाधिकार म्हणतात. दुसरी बाजू नकाशाची. १९३८ साली लंडनभोवतीच्या हरित पट्ट्याचा कायदा झाला आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने बांधकामाला परवानगी घेणे सक्तीचे केले. ऑक्टेव्हिया हे पाहायला नव्हती.

या साऱ्यातून माझ्यासारख्या कागदपत्रे चाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट लख्ख दिसते. नकाशावरचा हिरवा रंग सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत कच्चा. तो सरकार भरते आणि सरकारच बदलते. आपल्याकडे ग्रीन झोनचा यलो झोन होताना कोणी पाहिलेला नाही? शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी आरक्षण पडते. १९६६ च्या आपल्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण सुटते. त्यात मालकाला दोष कसा द्यायचा? त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवायची आणि मोल द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. दोष असलाच तर आपल्या सगळ्यांचा आहे. मैदान हवे असते, त्याची किंमत दुसऱ्याने द्यावी असे वाटते. रंगाच्या पाठीशी करार हवा, कराराच्या पाठीशी तो राबवणारी जागी संस्था हवी, आणि जिथे जागा फारच मोलाची आहे तिथे विकतच घेऊन ती विकण्याचा मोह स्वतःलाही बंद केला पाहिजे.

शेवटची अनेक वर्षे ऑक्टेव्हियाने केंट परगण्यातल्या क्रॉकम हिल या खेड्यात आपली सखी हॅरियट यॉर्क हिच्याबरोबर काढली. आसपासच्या पायवाटा बंद होऊ नयेत म्हणून ती भांडत राहिली. टॉइज हिल, आयड हिल, मॅरिनर्स हिल अशा टेकड्या तुकड्या-तुकड्याने ट्रस्टकडे आणत राहिली. १३ ऑगस्ट १९१२ रोजी ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीत, राष्ट्राच्या थोरामोठ्यांच्या शेजारी दफनाचा मान देऊ करण्यात आला होता. पण तिची इच्छा वेगळी होती, आणि नातेवाइकांनी ती पाळली. क्रॉकम हिलच्या चर्चच्या आवारात, बहीण मिरांडाच्या शेजारी तिला ठेवले आहे. तिथून थोडे चढून गेले की मॅरिनर्स हिल लागते. शंभरावर वर्षे उलटून गेली, लंडन अस्ताव्यस्त पसरले, केंटमधल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. टेकडी आहे तिथेच आहे आणि कुणीही केव्हाही तिच्यावर चढून जावे, दरी पाहावी. तिकीट नाही.